कंट्री गाण्यांतली दारू

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कंट्री संगीतावरचा लेख वाचला, पण ही जुनी गाणी दारूचं कौतुक करतात हे म्हणणं अजिबात पटलं नाही. मर्ल हॅगर्डचं १९६६ चं ‘द बॉटल लेट मी डाउन’ ऐका, त्यातला माणूस प्रेयसीला विसरायला पितो आणि नेमकं तेच जमत नाही, बाटलीनंही दगा दिला म्हणतो, यात कौतुक कुठंय? आणि गाणाऱ्यांनी हे स्वतः भोगलेलं, हँक विल्यम्स २९ व्या वर्षी गेला, जॉर्ज जोन्स तर दारूपायी स्वतःच्याच कार्यक्रमांना यायचा नाही, शेवटी १९९९ मधल्या गाडीच्या अपघातानंतर, वयाच्या ६७ व्या वर्षी त्याची दारू सुटली. सुटायला किती जड जातं, हे लेखात यायलाच हवं होतं.

– एक वाचक, पुणे