कुलपाचे 480 रुपये : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्यामागे कामांचा व्याप मोठा आहे, तरी दहा मिनिटं द्यावीत ही विनंती. परवा आमच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून मला फोन आला. बोलणारा कारकून सभ्य होता. म्हणाला, "काका, आगीच्या त्या रात्री तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप तोडलंत, कडीही वाकली आहे. सरकारी मालमत्ता आहे ती. 480 रुपये भरून जा, म्हणजे फाइल बंद करता येईल." फाइल बंद करायची त्यांना घाई आहे. मला नाही.

मी 34 वर्षं लाइनमन होतो. वादळात खांबावर चढलो, भर पुरात डीपी बंद केल्या, पण अंगाला कधी चटका बसला नाही. तो बसला निवृत्तीनंतर, दवाखान्यात, बायकोच्या खाटेजवळ.

आमच्या हिला न्यूमोनिया झाला म्हणून दाखल केलं होतं. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, म्हणून सून आत आणि मी बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर. दाखल केलं त्याच दिवशी मी एसीच्या प्लगला हात लावून पाहिला होता. गरम. अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. असा जोड आज ना उद्या पेटतोच. मी सांगायला गेलो, तर उत्तर मिळालं, "लिहून द्या." लिहून दिलं. पोच मागितली, तर साहेब मीटिंगला गेलेले.

चौथ्या रात्री पावणेतीनला जाग आली ती वासानं. जळक्या वायरीचा वास मी झोपेतही ओळखतो. आत गेलो तर छताखाली काळा धूर आणि एसीच्या पेटीतून ठिणग्या. मेन स्विच कुठे आहे, हे तिथे एकालाही सांगता येईना. भिंतीवर लाल सिलिंडर होता. खाली मान घालून चिठ्ठी वाचली : मुदत संपून 14 महिने झालेले. लिफ्ट बंद. पुढच्या जिन्यात धूर. मागे रॅम्पचं दार, वर हिरव्या अक्षरांत "आपत्कालीन मार्ग" आणि खाली भलंमोठं कुलूप. किल्ली वॉर्डबॉय मामांकडे, मामा खाली अपघात विभागात.

सलाईनच्या लोखंडी स्टँडनं मी ते कुलूप तोडलं. हातांची कातडी गेली ती त्याच्याआधी, पेटलेला पडदा ओढताना. हिला चादरीत घालून मी आणि सुनेनं रॅम्पवरून उतरवायला घेतलं, तर रॅम्पवर मोडक्या खाटा आणि जुन्या केस पेपरांचे गठ्ठे. अंधारात सुनेचा पाय अडकला आणि ही पडली. खुब्याचं हाड मोडलं. न्यूमोनिया बरा करायला आणलेली बाई आज घरी वाळूच्या पिशव्या लावून पडून आहे, कूस बदलायची तर दोघं लागतात. मला रात्री दोननंतर झोप नाही. फ्रिज सुरू झाल्याचा आवाज आला तरी उठून बसतो.

कुणी दगावलं नाही, म्हणून पेपरात चार ओळी आल्या. दगावलं नाही ते तिथल्या सिस्टरमुळे. 38 पेशंटना ती एकटी, कंत्राटी, चोवीस-पंचवीस वर्षांची. ऑक्सिजनवरच्या बायकांना आधी शेजारच्या वॉर्डात ढकललं, मधलं दार लावून घेतलं आणि मग जळत्या वॉर्डाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद केला. एरवी हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. गळक्या मास्कांमुळे तो वाढला की साधी चादरही कागदासारखी पेटते. हे तिला शिकवलं कुणी? "नगरच्या सिव्हिलला आग लागली तेव्हा मोबाइलवर वाचलं होतं," म्हणाली. म्हणजे आपल्या खात्याची आपत्ती सज्जता एका मुलीच्या मोबाइलवर चालते. डेटा पॅक तरी खात्यातर्फे द्या तिला.

नगरचं नाव निघालंच आहे तर उजळणी करू. 9 जानेवारी 2021, भंडारा. नवजात बालकांच्या कक्षात 17 बाळं होती, 10 गेली. त्यातली बहुतेक भाजून गेली नाहीत, धुरानं गुदमरून गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळली आणि 22 रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या अतिदक्षता विभागात आग, 13 मृत्यू. जुलैत चिपळूण बुडालं, वीज गेली आणि तिथल्या कोविड रुग्णालयातले 8 रुग्ण नेमके कशानं गेले यावर मोठी माणसं वाद घालत बसली. मग 6 नोव्हेंबरला नगर, आणखी 11. भंडाऱ्याचे आदेश सुटून तेव्हा दहा महिने झाले होते. आदेश सुटतात हे खरंच आहे साहेब, ते पोचत कुठे नाहीत.

कायदाही आहे. 2006 सालचा आहे, आमच्या राज्याचा स्वतःचा. आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. आमच्या सिव्हिलनंही दिला असेल. कुलपाचा रकाना त्या दाखल्यात नसावा.

पट्टी बदलायच्या निमित्तानं आणि थोडं वेडापायी मी गेल्या पंधरवड्यात पाच दवाखाने हिंडलो, सरकारी आणि खासगी दोन्ही. चार ठिकाणी मागचं दार बंद. पाचव्यात मागचं दारच नव्हतं. म्हणजे शंभरातले ऐंशी कुलपात आणि वीस भिंतीत. माझा हिशेब कच्चा म्हणाल, तर आपला पक्का हिशेब विधानसभेच्या पटलावर ठेवा.

आपण म्हणाल, जनजागृती चालू आहे. हो, पाहिली मी. 1944 साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्या 14 एप्रिलपासून दरवर्षी आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. आमच्याकडेही झाला. मांडव पडला, नारळ फुटला. पटांगणात पत्र्याच्या डब्यात डिझेल पेटवलं, दोन जवानांनी विझवलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो छापून आला. वर दुसऱ्या मजल्यावरच्या बायांना खिडकीतून धूर दिसला आणि त्या घाबरल्या, कारण खाली काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भर दुपारी अकराला, पेशंटविना आणि जिन्याविना मॉक ड्रिल! रात्री तीनला घ्या ना एकदा. दिवे घालवून घ्या. पाहुणे म्हणून आपणच या, खाटेवर पडून राहा, आणि आम्ही आपल्याला चादरीत घालून रॅम्पनं उतरवतो.

माझं मागणं फार नाही. केस पेपर काढताना आमच्याकडून आधार कार्ड मागता, मोबाइल नंबर मागता, तसं दोन वाक्यं आम्हाला सांगा : बाहेर पडायचं दार तिकडे आहे आणि धूर दिसला तर वाकून, तोंडावर ओला कपडा धरून तिकडे जायचं. खर्च शून्य. प्रत्येक पाळीत एका माणसाला मेन स्विच आणि व्हॉल्व्ह माहीत असावा. आणि त्या दाराला कुलूप नको, आतून उघडणारी कडी लावा. चोऱ्या होतात म्हणून कुलूप, असं मला सांगितलं. काय चोरीला जातं? उशा.

पण हे करायचं कुणी? एसी एका खात्याचा, वायरिंग दुसऱ्याचं, सिलिंडर ठेकेदाराचा, दार सुरक्षा एजन्सीचं. जळणारा माणूस तेवढा कुणाचाच नाही. मेल्यावर मात्र त्याला एकदम मालक मिळतो, 5 लाखांचा चेक घेऊन. प्रवेशद्वाराच्या कमानीला पैसा आहे, कमानीवरच्या नावांना आहे, नावांवरच्या दिव्यांना आहे. आणि आपल्यातल्या कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी त्या कमानीखालून कधी आत शिरल्याचं मी पाहिलेलं नाही, ती थेट मुंबईची वाट धरते. माझी पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत आहे, साहेब. 34 वर्षं तुमच्या बंगल्यांचे दिवे चालू ठेवल्याची. त्यात मुंबई बसत नाही.

480 रुपये मी सोमवारी भरणार आहे. पावती घेणार आहे आणि पावतीवर "कुलूप, आपत्कालीन मार्ग" असं स्वच्छ लिहून घेणार आहे. मंगळवारी पट्टीला गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. एसी काढून नेलाय, भिंत रंगवलीय, दाराला नवं कुलूप आहे, आधीच्यापेक्षा जाड. किल्ली कुठे असते म्हणून मामांना विचारलं. म्हणाले, "आता मेट्रन मॅडमकडे असते. त्या पंधरा तारखेपर्यंत रजेवर आहेत."

आपला,
एक निवृत्त लाइनमन