पाण्यावरची शेती झकास, पण पंप कोण बघणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गॅलरीतल्या हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर झाडं वाढवण्यावर, लेख आला आणि दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिघीजणी किट कुठे मिळतं विचारायला लागल्या. लेख छानच होता, फोटो तर फारच, पण त्यात "देखभाल जवळजवळ नाहीच" असं जे म्हटलंय त्यावर मला बोलायचंय, कारण मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या साडेतीन फुटी गॅलरीत हे सगळे उद्योग चार वर्षं केलेत, पैसेही घालवलेत.

सुरुवात मीही किटनेच केली. पांढरे पीव्हीसी पाइप, त्यांना भोकं, खाली पाण्याची टाकी, टाकीत छोटा पंप, तो पाणी वर चढवणार आणि पाइपातून पातळ धार मुळांना भिजवत परत टाकीत येणार. दोन महिने खरंच झकास चाललं. सोबत बी मात्र लेट्यूस, केल आणि बोक चॉय असल्या परदेशी पालेभाज्यांचं, आता आमच्या घरात केल खातंय कोण, सासूबाई म्हणाल्या हे कोबीला काय झालंय! तर मे महिन्यात आम्ही आठ दिवस देवरुखला गेलो, मागे कधीतरी लाइट गेली, आली, पण पंप ठरल्या वेळी चालू-बंद करणारा डिजिटल टायमर सगळं विसरून शून्यावर जाऊन बसला आणि पंप काही परत सुरू झालाच नाही. अशा पाइपात मुळांपाशी पाणी म्हणजे नुसता पापुद्रा असतो, ऐन उन्हाळ्यात ते काही तासांत संपतं. आलो तेव्हा चोवीसच्या चोवीस रोपं निर्माल्यासारखी. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे वॉरंटी पंपाची आहे आणि पंप तर चालतोय!

मग कळलं की पंपाशिवायही पाण्यावर झाडं वाढतात. अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी ही पद्धत मांडली म्हणून तिला क्रॅट्कीच म्हणतात. झाकणाची बादली, झाकणात जाळीचा कप, त्यात रोप, बादलीत खताचं पाणी, बस्स. पाणी कमी होत जातं तशी वरची मुळं हवेत उघडी पडतात आणि श्वास घेतात, खालची पाणी पितात. लेट्यूसच्या एका गड्ड्याला साधारण चारेक लिटर एकदाच भरलं की काढणीपर्यंत बघायला नको. पण त्यात एक मेख आहे ती कुणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मी नसताना मायेने बादली काठोकाठ भरून ठेवली आणि हवेतली मुळं बुडाली, दोन-तीन दिवसांत पानं लुळी. आता काकूंना काय सांगणार की तुम्ही पाणी घातलंत म्हणून झाड मेलं.

शिवाय पाण्यावरच्या शेतीत पाणीच महत्त्वाचं, आणि ते आपल्या हातात असतंय कुठे. माझ्या मीटरवर आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, नव्वदच्या आसपास येतो, सोसायटीत टँकर आला की साडेपाचशे, म्हणजे खत घालायच्या आधीच पाणी अर्धं भरलेलं. पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, साडेपाच ते साडेसहात ठेवायचा, ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येणारी खतं वेगवेगळी पाण्यात घालायची, घट्ट असताना एकत्र केली की कॅल्शियम खाली साका होऊन बसतं, बादलीला उजेड लागला तर आतून हिरवं शेवाळं, पाणी गरम झालं की मुळं तपकिरी होऊन कुजतात. मला हे करायला आवडतं, मी करते. पण याला देखभाल नाही म्हणायचं असेल तर मग लहान मूल पण आपोआपच वाढतं.

माझं मत विचाराल तर नोकरी करून, सुट्टीत गावी जाऊन ज्यांना चार पानं पुदिना आणि दोन मिरच्या हव्यात त्यांनी स्वतः पाणी पिणाऱ्या कुंड्या कराव्यात. समईची वात तेल वर ओढते ना, तेच. खाली पाण्याचा डबा, वर कुंडी, मधून वात. वात सुती घेऊ नका, दोनेक महिन्यांत कुजते, नायलॉनची जाड दोरी घ्या. पाणी आणि मातीत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. आणि नुसती लाल माती भरली तर तिचा चिखल होऊन बसतो, निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकी गांडूळखत आणि थोडी माती. पहिले दहा-पंधरा दिवस वरून झारीनेच पाणी द्यायचं, मुळं खाली पोचेपर्यंत. खतात थोडंफार उन्नीस-बीस झालं तर माती सांभाळून घेते, पाणी नाही घेत. दोन-तीन महिन्यांनी वर पांढरा थर दिसतो तो क्षार, तेव्हा वरून भरपूर पाणी सोडून कुंडी धुवून काढायची, एवढंच.

आणि हे काही नवीन नाहीये हो. नवरात्रात आपण घट बसवतो, परडीत माती, त्यात धान्य पेरतो आणि मधे कोरा मातीचा घट पाण्याने भरून ठेवतो. तो घट पाझरतो आणि त्याच्यावर धान्य उगवून येतं. मी तेच मोठ्या कुंडीत करते, छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, भोवती चार मिरच्या, मडक्यावर पणती झाकण म्हणून. माती कोरडी झाली की मडकं जास्त पाझरतं, ओली असली की कमी, ना टायमर ना वायर. आतून रंगवलेलं किंवा चकचकीत मडकं मात्र चालत नाही.

झाकणाचं मुद्दाम सांगते कारण पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या बघायला महापालिकेची माणसं घरी येतात आणि ते बरोबरच आहे, तो डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. माझ्या एका डब्याच्या जादा पाण्याच्या भोकातून आत अळ्या झाल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे डबा ओतायला लावला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता प्रत्येक भोकाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय. तुमच्या लेखात डासांचा ड सुद्धा नव्हता, पुढच्या वेळी तेवढं आणि किटची खरी किंमत, म्हणजे खत, मीटर, लाइट सगळं धरून, छापाल का?

तुळस आणि कोरफड मात्र या भानगडीत घालू नका, पाय सतत ओले राहिले की तुळस रुसते. आम्ही गावी जातो तेव्हा तुळशीची कुंडी काकूंकडेच देते, तिला त्या रोज पाणी घालतात आणि त्यावरून आमचं कधी वाजलेलं नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)