डोळा कधी गेला हे विचारू नका, दिसतं किती ते मोजा

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय: एकाच डोळ्याने दिसणाऱ्यांचे लायसन आणि फॉर्म १ मधली पाच वर्षांची अट

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर आहे. वय ४१. उजवा डोळा नवव्या वर्षी गेला. विटी-दांडू खेळताना विटी लागली. दोष कुणाचाच नाही, मीच फार पुढं येऊन उभा होतो. डाव्या डोळ्यानं चष्मा लावून ६/६ दिसतं. त्या एका डोळ्यावर अठरा वर्षं लेथ चालवतोय, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतोय. लायसन मात्र आजवर नाही.

आमच्याच कारखान्यात शेजारच्या मशीनवर माझा एक मित्र आहे. चार वर्षांपूर्वी मशीनवर कापताना लोखंडाची चिप (कपची) उडाली आणि त्याचा डावा डोळा गेला. तेव्हा त्याचं लायसन अकरा वर्षांचं होतं. त्याला मोटार चालवता येते, मला येत नाही. कारण काय, तर त्याचा डोळा उशिरा गेला.

हे मी मनचं सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या फॉर्म १ मध्ये अर्जदारानं स्वतःच्या तब्येतीची माहिती स्वतः भरून द्यायची असते. चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का, असा त्यात प्रश्न आहे. त्याच प्रश्नाच्या पोटात कंसात एक सूट बसवली आहे. लायसन किमान पाच वर्षं जुनं असेल, डोळा त्यानंतर गेला असेल, आणि अर्ज स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरून आरसा असलेल्या खासगी हलक्या मोटारीसाठी असेल, तर एका डोळ्यानं वाचलेलं चालतं. ते वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल. एवढा लांब कंस मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

आता मित्राची गोष्ट सांगतो, त्याच्या परवानगीनं. अपघातानंतर तो कामावर परत आला तेव्हा चहा कपात ओतायला गेला की बशीत पडायचा. हस्तांदोलनाला हात पुढं करायचा आणि चार बोटं कमी पडायचा. डावीकडून कुणी आलं की दचकायचा. यात नवल काही नाही. दोन डोळ्यांना मिळून साधारण १८० अंशांचं दिसतं, एकाला १५० च्या आसपास, आणि हाताच्या अंतरावरचा अंदाज दोन डोळ्यांच्या जोडीवरच बसतो. लांबच्या अंतराचं तसं नसतं. समोरचा ट्रक किती मोठा होत चाललाय, कोण कुणाच्या आड जातंय, यावरून मेंदू हिशेब करतो, आणि त्या हिशेबाला एक डोळा पुरतो. पण तो अंगवळणी पडायला, मान वळवायची सवय लागायला काही महिने जातात. माझे ते महिने तिसरी-चौथीत सरले. मित्राचे महिने चालू होते तेव्हा लायसन त्याच्या खिशात होतं.

त्याचं लायसन काढून घ्या असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. तो आता व्यवस्थित चालवतो, मी शेजारी बसलेलो आहे. पण शिकायला ज्याला बत्तीस वर्षं मिळाली त्याला बाहेर ठेवायचं आणि काल-परवा डोळा गेलेल्याला आत घ्यायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? आमच्याकडं तालमीत जोड लावताना दोघांचा वकूब बघतात. कुस्तीत कान कधी मोडला ते कुणी विचारत नाही.

आरशाचंही तसंच. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे आरसाही उजवीकडचा. मित्राचा गेलाय डावा डोळा. त्याची आंधळी बाजू डावी, आणि त्या बाजूच्या आरशाबद्दल फॉर्ममध्ये अवाक्षर नाही. १९८९ साली बऱ्याच गाड्यांना डाव्या बाजूला आरसा नसायचाच, हे समजू शकतो. आता दोन्हीकडं असतात.

शिवाय ही सूट फक्त मोटारीची. आमच्या गल्लीत मोटारी किती? ज्याच्या-त्याच्या दारात दुचाकी. आमच्या घरची गाडी बायको चालवते, मी मागं बसतो. सुरुवातीला लोक हसले, आता सवय झाली. तिची कामाची वेळ वेगळी, म्हणून मी कारखान्यात सायकलनं जातो. तावडे हॉटेलच्या चौकातून हायवेला लागायचं, पंचगंगेचा पूल ओलांडायचा, मग शिरोली फाटा. दोन्ही अंगांनी ट्रक, उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. सायकलला लायसन लागत नाही, त्यामुळं एका डोळ्यानं तिथून जायला कायद्याची हरकत नाही.

मागच्या दिवाळीत मी आणि मुलीनं घरापुढच्या रस्त्यावर टेप लावून २५ मीटर मोजले. शेजाऱ्याच्या गाडीची एमएच ०९ ची प्लेट मी सरळ वाचली. मुलगी म्हणाली, पाठ असेल तुम्हाला. मग तिनं मला मागं-मागं नेत ३५ मीटरवर उभं केलं आणि रस्त्यात थांबलेल्या एका अनोळखी गाडीची प्लेट वाचायला लावली. तीही वाचली. अशी परीक्षा कुठल्याही कार्यालयात माझी कुणी घेतलेली नाही.

पंचविशीत अर्ज करायला गेलो होतो तेव्हा बाहेरचा एजंट म्हणाला, "होय म्हणून टिक करा की वो, कोण डोळं मोजतंय?" खरं बोलत होता. फॉर्म स्वतःच भरायचा, त्यामुळं खोटं लिहिणारा सुटतो आणि खरं लिहिणारा घरी जातो. मी घरी आलो. प्रामाणिकपणा वगैरे म्हणा हवं तर. पुढंमागं अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच उकरून काढील, ही भीती जास्त होती. आता चाळिशी ओलांडल्यामुळं डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो, तेव्हा टिक करायचीही सोय उरली नाही.

दिव्यांग म्हणावं तर तेही जमत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला की अपंगत्व ३० टक्के धरतात. सवलती ४० टक्क्यांपासून पुढं. लायसनच्या खिडकीवर मी अपंग आणि सवलतीच्या खिडकीवर धडधाकट.

मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात निकामी झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ते भारताकडून कसोटी खेळले आणि १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, कप्तान झाले. अपघाताच्या वेळी वय होतं २०. पाच वर्षं जुनं लायसन त्या वयात असणारच कुठून? म्हणजे आपला फॉर्म १ त्यांच्यापुढं ठेवला असता तर तेही माझ्याच रांगेत आले असते.

याच फॉर्मात बदल होऊ शकतो हे आपल्या मंत्रालयानं दाखवून दिलं आहे. जून २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसनची वाट मोकळी केली. ब्रिटनमध्ये उरलेल्या डोळ्यानं पुरेसं दिसत असेल तर एका डोळ्याच्या माणसाला मोटार चालवता येते. नंबरप्लेट तिथं २० मीटरवरून वाचायची असते. माझं म्हणणं एवढंच, की तो कंस काढा. त्याऐवजी उरलेल्या डोळ्याची नजर आणि बाजूचं किती दिसतं याची फील्ड टेस्ट नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्या, दोन्ही आरसे सक्तीचे करा, डोळा नुकताच गेला असेल तर काही महिने थांबवा, आणि मग चाचणी सगळ्यांपेक्षा कडक घ्या. ट्रक-बस चालवायला मागत नाही मी. त्या चाचणीत नापास झालो तर पुन्हा पत्र लिहिणार नाही.

आपण मराठी आहात, म्हणून हे मराठीतच लिहिलं. या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे, दुपारी चारनंतर चाचणीला कधीही बोलवा.

आपला नम्र,
कसबा बावड्याचा एक टर्नर
कोल्हापूर