घाट उतरून गिरणगावात

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डोंगरात जातेस ते समजतं, पण बंद गिरण्यांभोवती उन्हातान्हात काय बघत फिरतेस?" मी तेव्हा लोकलमध्ये लोंबकळत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवा, तिचा चष्मा जागेवर नसणारच.

गेल्या हिवाळ्यात नाणेघाट खालून, वैशाखऱ्याकडून चढलो. घाटघरपर्यंत गाडी जात असताना ही हौस कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण वरून नळीत डोकावलं तर नुसता घाट दिसतो. खालून रानातून दमत चढलं की सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरला कसा पोचत असेल, ते मांड्यांना कळतं. शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. दोन हजार वर्षं झाली त्याला. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी किती दिली, सगळे आकडे कोरलेत. आई, तुझ्या भिशीच्या वहीसारखा चोख हिशेब! मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता त्यांची नावं तेवढी उरलीत. बाहेर तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात तो. त्याच्याशी फोटो काढायला रांग लागते. मीही काढला.

त्याच डोंगराच्या अंगाने पुढे माणसं मुंबईला उतरली. बाबू गेनू आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. बाबा, तुमच्यासारखा तोही गिरणीतच कामाला होता. 12 डिसेंबर 1930 ला विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडला तो काळबादेवीला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, त्यांचं घराणं खेडजवळच्या कन्हेरसरचं. 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. मी भटकते तोही रविवारीच, म्हणजे हा त्यांचाच उपकार.

माझी फेरी चिंचपोकळी स्टेशनपासून सुरू होते. लालबागच्या मिरचीगल्लीत शिंका देत मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज ऐकायचा, भारतमाता थिएटरवरून परळ, मग डिलाइल रोड. तिथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, 160 चौरस फुटांची खोली. आता त्यांच्या जागी टॉवर चढताहेत. राहणाऱ्यांना मोठी घरं मिळताहेत, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. चाळींवर गहिवरणारे बहुतेक जण सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिलेले नसतात. पुढे फिनिक्स. गिरणीच्या जागी मॉल, आणि मधे चिमणी तशीच, शोभेला. तिच्यापाशी कुणी थांबत नाही. नाणेघाटातल्या रांजणाला मात्र आपण हात जोडायचे बाकी ठेवतो.

आई, मला सगळ्यात जास्त विचारायचंय ते तुला. लग्नानंतर तू चाळीतल्या खोलीत राहिलीस ना, तेव्हा पाळीपाळीने झोपणाऱ्या गावाकडच्या माणसांचे डबे कोण करायचं? खानावळ चालवणाऱ्या बायकांबद्दल मी थोडं वाचलंय. प्रेमा पुरवांनी 1975 साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पण तुमच्या मजल्यावरच्या बायकांचं काय? उधारी कशी वसूल व्हायची? गिरण्यांच्या संपात खाणारेच गावाला गेल्यावर चुली कशा चालल्या?

संपाचं बाबा कधी बोलत नाहीत. 18 जानेवारी 1982, पुढारी दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, आणि अधिकृतपणे कधीच मागे न घेतलेला संप, हे मला पुस्तकात मिळतं. घरात विचारलं की "मग गावी आलो" एवढंच. तुम्हाला ते उकरायचं नसेल तर नका बोलू, बाबा. साचेखात्याबद्दल, तुमच्या मागांबद्दल बोला. तुमचा मुकादम, तो जॉबर कसा होता, गैरहजर माणसाच्या जागी बदलीचं काम मिळवायला सकाळी किती वाजता फाटकाशी उभं राहायचात, कुठल्या गिरणीचा भोंगा कुठला हे आवाजावरून खरंच ओळखू यायचं का, तेवढंच सांगा.

दिवाळीनंतर या. माळशेजमार्गे एसटीने कल्याणला उतरा, मी न्यायला येते. आईच्या गुडघ्यांच्या बेताने चालू. लालबाग ते करी रोड एवढंच, आणि मधे चहाला दोनदा बसायचं. आई कुरकुरली तर टॅक्सी करू. मसाला इथूनच कुटून नेऊ, म्हणजे तिची फेरी वाया जाणार नाही.

तोवर एक आठवून ठेवा, बाबा. जुन्या नकाशात तुमच्या गिरणीला दोन फाटकं दिसतात. तुम्ही कुठल्या फाटकाने आत जायचात?

तुमची,
लेक