आधी उतरायला शिकव

प्रिय मित्रा,

अकरा-बारा वर्षांच्या पोरांची बास्केटबॉल टीम तुझ्या गळ्यात पडली हे वाचून हसू आलं. पुढे तू उडी वाढवायचे व्यायाम मागितलेस आणि मी कपाळावर हात मारला. अरे, उड्या पोरं न शिकवताही मारतात. तू त्यांना खाली उतरायला शिकव.

एक करून बघ. गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या ठोकळ्यावरून एकेकाला खाली उडी मारायला लाव आणि तू पाठ करून उभा राहा. धप्प आवाज आला, की पाय ताठ होते समज. चांगला उतरणारा ऐकूच येत नाही. चवडा टेकतो, मग टाच, आणि गुडघे नि कंबर सोबतच वाकतात. मग वळून समोरून बघ. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर त्याला परत ठोकळ्यावर चढव. गुडघ्याच्या आतला ACL लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) बहुतेक वेळा धडकेने फाटत नाही; असं उतरताना, नाहीतर पळता पळता एकदम वळताना जातो. वयात येणाऱ्या मुलींना तर हा धोका मुलांपेक्षा जास्त.

मी पहिल्या वर्षी जमिनीवर लॅडर (पट्ट्यांची शिडी) अंथरून महिनाभर पावलं नाचवून घेतली. पोरं लॅडरमध्ये विजेसारखी, मॅचमध्ये मात्र खांब! लॅडर कुणाला हूल देत नाही ना. आता अर्ध्या कोर्टवर चेंडूशिवाय पकडापकडी खेळवतो. शिट्टी वाजली की जंप स्टॉप: शेवटची पावलं छोटी, कंबर खाली, दोन्ही पाय एकदम. यात जो तोल जाऊन पुढे पडतो, तोच मॅचमध्ये ट्रॅव्हलिंग करतो, म्हणजे चेंडू न टप्पवता जास्तीची पावलं टाकतो.

रिंग खाली घेता येत असेल तर घे. मोठ्यांची 3.05 मीटर, मिनी बास्केटबॉलची 2.60, चेंडू 5 नंबरचा. नाहीतर पोरं कमरेपासून चेंडू भिरकावतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

आणखी एक, हे जरा मनाला लागलेलं आहे. मुली साधारण 12 च्या, मुलगे 14 च्या आसपास झपाट्याने वाढतात. माझा एक पोरगा सुट्टीनंतर हातभर लांब पाय घेऊन आला आणि साध्या ले-अपला (पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकताना) अडखळायला लागला. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, हे त्याने मला सांगितलंच नाही, आईला सांगितलं. तुझ्या पोरांना दर आठवड्याला तूच विचार, आणि कुणी हो म्हणालं तर त्याच्या उड्या लगेच कमी कर.

ठोकळ्याचा व्हिडिओ पाठव. समोरून काढ, बाजूने काढलास तर गुडघे आत झुकतात का ते दिसणार नाही.

तुझाच