अण्णा, पाटी आता सोन्या वाचतो

अण्णांना सा. न.

मे महिन्यात तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावरून लेकाकडे चिंचवडला राहायला गेलात. निघताना मी पाया पडले आणि आभाराचं बोलायला लागले, तर "गॅस बंद केलाय का बघून ये" म्हणून तुम्ही मला आत पिटाळलंत. फोनवरही तेच, विषय काढला की तुम्ही पावसापाण्याचं विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांच्या घरी पहिली-दुसरीतलं पोर पुस्तक दिसलं की पोटात दुखतंय म्हणतं, त्यांनीही ते वाचावं.

गेल्या श्रावणात सोन्या दुसरीत होता आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी रडारड होती. मी दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, हे कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला. सातला घरी यायचं, कुकर लावायचा आणि त्याला धडा वाचायला बसवायचं. तो घडाघडा वाचायचा. मग एके दिवशी माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. बोट 'झाडावर' या शब्दावर होतं आणि तोंडातून 'पोपट' येत होतं. धडा त्याला पाठ होता, वाचता मात्र एक ओळ येत नव्हती. त्या रात्री मी त्याच्यावर हात उगारला. जिन्यात तुम्ही उभे होता, पण एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणालात, "पाच ते सात पोरगं माझ्याकडं सोड. बसून तरी काय करतोय मी."

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता तुम्ही. मला वाटलं, गोष्टीबिष्टी सांगाल. आठवड्यानं खाली आले तर जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे जाड मार्करनं गावांची नावं लिहून तुम्ही भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि सोन्या दोरीची घंटी वाजवत खोलीभर फिरत होता.

त्या पाट्यांचा क्रम तुम्ही किती विचारानं लावला होता, हे मला फार उशिरा कळलं. पहिली पाटी 'जत'. दोन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. आणि दुसरीच 'अहमदनगर'! मी म्हटलं, एवढा मोठा शब्द लगेच? तुम्ही म्हणालात, "मोठा दिसतोय, पण सात अक्षरांत एक काना दाखव मला." खरंच नाही. सोन्यानं तो एकेक अक्षर जोडत वाचला आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की तो मी विसरणार नाही. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, ही गोष्ट त्या पाटीबरोबरच त्याला मिळाली. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण ती पाटी त्यानं जपून ठेवलीय.

तिसरी 'मिरज'. ती तो 'इमरज' वाचायचा. मी असते तर पाठीत धपाटा घातला असता. तुम्ही त्याला दारात उभं केलंत आणि म्हणालात, "ही वेलांटी कंडक्टर हाय बघ. दाराशी पुढं उभी ऱ्हाती, पण म ला आधी आत घेती, मग सवता चढती." लिहिताना आधी, बोलताना मागून, ही आपल्या लिपीतली खोच मला आयुष्यभर अशी दिसलीच नव्हती. पोराची चूक नव्हती, डोळ्याला जे आधी दिसत होतं तेच तो आधी म्हणत होता.

मग विटा, पलूस, शिराळा, आटपाडी. जिल्ह्याचे दहाही तालुके झाले, 'कवठेमहांकाळ' सगळ्यात शेवटी. 'खानापूर' तो 'रवानापूर' वाचायचा, कारण जुन्या वळणाचा ख तुम्ही र आणि व शेजारी ठेवल्यासारखा काढला होता. नंतर तुम्ही दोघांनी मिळून त्या ख चे पाय जोडले. पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देण्याची सवय त्याला होती. त्यावर तुम्ही 'तासगाव' आणि 'तारगाव' अशा दोन पाट्या शेजारी ठेवल्यात. चुकीच्या गाडीत बसलास तर रात्र स्टँडवर काढावी लागेल म्हटल्यावर तो मधलं अक्षर बघायला लागला. रफार त्याला 'मार्गे'मध्ये भेटला, 'ल्ह' कोल्हापूरच्या पाटीवर.

मीही तुमच्याकडून शिकले. सोन्या अडला की मी लगेच शब्द पुरवायची. मनात पाच आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम पाळायला मला महिना लागला. चौथ्या आकड्याला तो बरेचदा स्वतःच पोचतो, हे तेव्हा कळलं. दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाच्या उद्दिष्टांत आहे. ते कळल्यावर मी मोबाईल लावून त्याचे शब्द मोजत बसले होते. तुम्ही मोबाईल पालथा ठेवलात. "येळ बघायला कंट्रोलर हाय. तू प्रवाशाकडं बघ." समजून वाचायला तिसरीच्या अखेरीपर्यंत वेळ आहे, हे त्याच कागदात लिहिलेलं मी नंतर वाचलं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

पाट्यांनंतर तुम्ही त्याला मांडीशी घेऊन रोज पंधरा मिनिटं वाचून दाखवायला लागलात. ओळीखालून बोट फिरवायचं, मध्येच थांबायचं, "फुडं काय व्हईल?" विचारायचं. चार-पाच ओळींचं एक पातळ पुस्तक त्यानं पंचवीस वेळा तरी वाचून घेतलं असेल. मी कंटाळले, तुम्ही नाही. पुन्हा पुन्हा तेच वाचताना त्याची जीभ सैल होतेय, हे तुम्ही ओळखलं होतं. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी मी नंतर शोधल्या. तिथं गोष्टींना १ ते ४ अशा पायऱ्या दिलेल्या असतात, त्यामुळे निवडायला सोपं जातं.

तुमच्या घरात पुस्तकं का नाहीत, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. जाताना काकूंनी सांगितलं. दोन पेट्या भरून मासिकं आणि पुस्तकं तुम्ही जमवली होती, ती ऑगस्ट २०१९ च्या पुरात लगदा होऊन गेली. गावभागात ज्याच्या-त्याच्या घरात पाणी होतं, कोण कुणाचं विचारणार? उरलेल्या कॅलेंडरांच्या पाठीवर तुम्ही माझ्या मुलाला वाचायला शिकवलंत, अण्णा.

तो आता तिसरीत आहे. काल धाकटीला शेजारी बसवून तिच्यापुढे 'जत'ची पाटी धरली होती. ती 'तज' म्हणाली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तुमच्याकडे येतोय. सांगलीहून स्वारगेटची गाडी. स्टँडवर पाटी सोन्या वाचणार, मी विचारायला जाणार नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सोन्याची आई