राजीनाम्याची तारीख रातांबे ठरवतील

वेंगुर्ले,
१० फेब्रुवारी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, मार्चअखेर राजीनामा देते आणि गावी येऊन कोकमाचं काम सुरू करते. तुझ्या आवाजातला थकवा लपत नव्हता. रात्री अकरालाही लॅपटॉप उघडा, जेवण त्याच खुर्चीत, रविवारी दिवेलागणीपासून सोमवारची धास्ती. हे तू जन्मभर सोसावंस असं मला अजिबात वाटत नाही. नोकरी सोड, बाय. फक्त या मार्चात सोडू नकोस. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी या धंद्यातला पैशाचा फेरा समजून घे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मिरगापर्यंत. जेमतेम सात-आठ आठवडे. तेवढ्यात फळं, साखर, बाटल्या, मजुरी, सगळं रोखीनं द्यायचं. आणि सरबत खपतं कधी? उन्हाळ्यात. मे महिन्यात केलेल्या मालातला थोडाच त्या उन्हाळ्यात जातो. पाऊस लागला की सरबताला गिऱ्हाईक नाही. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना आमसुलं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, नेतात, दिवाळीत काही बाटल्या भेट म्हणून जातात, आणि खरा उठाव पुढच्या फेब्रुवारी-मार्चपासून. म्हणजे मे महिन्यात गुंतलेला पैसा मोकळा व्हायला पुढचा एप्रिल उजाडतो. पगार बंद, घराचा हप्ता चालू आणि खोलीभर भरलेल्या बाटल्या, अशा स्थितीत माणूस घाबरून माल पडेल त्या भावात काढतो. चांगलं सरबत करणारी कितीतरी माणसं इथेच थांबतात.

म्हणून असं कर. यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन आठवड्यांची रजा काढ आणि १०० किलो रातांब्यांचा माल स्वतःच्या हातानं कर. पावसाळाभर त्या बाटल्या कशा टिकतात ते बघ. दिवाळीपर्यंत किती जणांनी दुसऱ्यांदा मागितलं ते वहीत मांड. ते पाहून डिसेंबरच्या पहिल्या तारखेला राजीनामा दे. तुझी नोटीस तीन महिन्यांची, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला मोकळी होशील आणि हंगामाआधी दीड महिना तयारीला मिळेल. तोवर चौदा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठलेला हवा. धंद्याचं भांडवल त्यात धरायचं नाही.

याला आणखी एक कारण आहे. तुझी या कंपनीतली पाच वर्षं येत्या ऑगस्टला भरतात. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, आणि शेवटच्या महिन्याचा जो पगार नियमानं धरतात त्याला २६ नी भागून १५ नी आणि नोकरीच्या वर्षांनी गुणलं की आकडा निघतो. तो हक्काचा पैसा थोड्या महिन्यांसाठी सोडायचा नाही. पीएफसुद्धा पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. आणि विमा! कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घे, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून आजारपणाचा खर्च मिळत नाही, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना तर आणखी लांब थांबावं लागतं.

आता कामाचं. १०० किलो फळातून ५० किलोच्या आसपास साल निघते, बाकी बिया आणि गर. त्यातली ३० किलो साल सरबताला घे, १० किलो आगळाला, १० किलो आमसुलांना. पहिल्या वर्षी एवढंच.

फळ पूर्ण पिकलेलं, गडद लाल-जांभळं, घट्ट सालीचं हवं. झाडाखाली पडून फुटलेलं घेऊ नकोस. त्यात माती आणि किडे असतातच, शिवाय आंबण्याची सुरुवात तिथूनच होते. एका झाडाची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, तीन-चार वेळा उतरवावी लागतात. शेजारच्या परड्यांतून घेशील तेव्हा समोर वजन कर आणि पैसे त्याच दिवशी दे. उधारी ठेवलीस तर पुढच्या वर्षी चांगलं फळ दुसऱ्याच्या क्रेटमध्ये जाईल. आणलेलं फळ दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवायचं नाही.

धुतल्यावर फळ जाळीवर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकू दे. इथे घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. मग स्टीलच्या सुरीनं आडवं कापून बिया आणि गर वेगळा काढ. लोखंडी विळी नको, आंबटानं साल काळपट पडते. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ या कामात घरात आणूच नकोस. ड्रम खाद्यपदार्थांसाठीचाच, नवा घे. रस्त्यावर निळे जुने ड्रम स्वस्त मिळतात, पण आधी त्यांत कुठलं रसायन होतं ते कोणी सांगत नाही.

सरबताचं प्रमाण सालीच्या दुप्पट साखर, दोन्ही वजनानं. ३० किलो सालीला ६० किलो साखर. तळाला साखर, वर साल, पुन्हा साखर असे थर लावायचे आणि सगळ्यात वरचा थर साखरेचाच, कारण उघडी राहिलेली साल बुरशी धरते. तोंडाला स्वच्छ कापड बांध. रोज सकाळी कोरड्या स्टीलच्या पळ्यानं तळापासून ढवळ. साखर तळाशी बसते, वरवर ढवळून भागत नाही. सात-आठ दिवसांत साखर विरघळून सालीचा रंग उतरतो. मग स्टीलच्या चाळणीतून आणि नंतर मलमलच्या कापडातून गाळ. पिळू नकोस, पाक गढूळ होतो. लोक जिरेपूड घालतात. मी म्हणेन घालू नकोस. जिऱ्याबरोबर धूळ आणि जंतू येतात, आणि ज्याला हवं तो पेल्यात घालून पितो.

सरबत आंबतं ते कशानं, हे एकदा पक्कं डोक्यात ठेव, कारण तक्रारी येतात त्या याच्याच. पाकातलं विद्राव्य घटकांचं प्रमाण, ज्याला ब्रिक्स म्हणतात, ते कमी पडलं की यीस्ट जगतं, वायू धरतो आणि बाटली फुगते. फळाच्या सिरपला नियमानं ते किमान ६५ टक्के लागतं. तू ६८ ते ७० धर. हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे, पण घेताना बघ, ० ते ३२ पर्यंतचा स्वस्तात मिळतो आणि तो इथे निरुपयोगी आहे. ५८ ते ९० चा किंवा ० ते ९० चा हवा. मोजण्याआधी ड्रम तळापासून ढवळ, नाहीतर वरचा पातळ थर एक सांगेल आणि तळ दुसरंच. कमी भरलं तर अंदाजानं मूठ टाकायची नाही. १० किलो पाक ६२ वर असेल आणि ६८ वर न्यायचा असेल तर १ किलो ८७५ ग्रॅम साखर लागते. तुझं गणित चांगलं आहे, हे सूत्र तू दोन मिनिटांत मांडशील.

टिकवण्यासाठी सोडियम बेन्झोएट घालणार असशील तर किलोला ६०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे १० किलोला ६ ग्रॅम. त्याला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, चमच्याचं हे काम नाही. आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळव, मग पाकात सोड. कोरडं टाकलं तर आंबटात त्याचे कण बनून तसेच राहतात. दुसरं परिरक्षक म्हणून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) सुचवतील, ते कोकमाला नको. गंधकाच्या वायूनं लाल रंग फिका पडतो. रंग उडायची आणखी दोन कारणं म्हणजे उजेड आणि उष्णता. पत्र्याखालच्या माळ्यावर बाटल्या ठेवल्या तर डिसेंबरपर्यंत लालाचा तपकिरी होतो. मागच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, खिडकीला जाड पडदा लावून ठेवायच्या.

७५० मिलीच्या बाटलीत हा पाक एक किलोच्या आसपास बसतो, इतका तो जड असतो. कुरिअरचा हिशेब वजनावर होतो, म्हणून हे आधीच धर. काच दिसायला छान, पण फुटते. पाठवायला पीईटी प्लॅस्टिकचीच बरी, फक्त तिच्यात गरम भरायचं नाही. ३० किलो सालीतून साठ-सत्तर बाटल्या निघतील असं धर, आणि खरं किती निघालं ते प्रत्येक ड्रमचं वेगळं लिही. एका भागाला सहा भाग पाणी घातलं तर एका बाटलीत २५ पेले होतात. किंमत ठरवताना गिऱ्हाइकाला हे सांगता आलं पाहिजे. आणि किमतीत स्वतःची मजुरी धर. बायका ती धरत नाहीत, मग हंगाम संपल्यावर नफा कुठे गेला ते कळत नाही.

गाळून उरलेल्या गोड साली टाकू नकोस, वाळवून पाकिटं कर, मुलं आवडीनं खातात.

आगळ सोपं. १० किलो सालीला दीड किलो मीठ, रोज ढवळायचं, आठवड्यानं गाळायचं. मीठ आणि आंबट एकत्र आले की साधं स्टीलसुद्धा चरतं, म्हणून बरणी चिनी मातीची किंवा काचेची.

आमसुलांना मात्र ऊन हवं आणि धीर हवा. काढलेल्या गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा. रात्री साली त्यात भिजवायच्या, दिवसा वाळवायच्या. असे चार-पाच पुट. १० किलो सालीची साधारण दोन-अडीच किलो आमसुलं होतात. खळ्यात जमिनीवर घालू नकोस, बाजेवर जाळी ताणून वाळव, वरून दुसरी जाळी. मेच्या अखेरीला वळीव येतो. अर्धी सुकलेली आमसुलं एकदा भिजली की बुरशी धरतात, ती परत उन्हात घालून विकू नकोस. म्हणून आमसुलांची फळं पहिल्या तोडीची घे, उशिराची सरबताला. वाळलेली आमसुलं मिरगाआधी हवाबंद कर, कारण मीठ पावसाळी हवेतला ओलावा ओढतं आणि ती चिकट होतात.

बियांवरचा गर धुऊन त्या कडकडीत वाळव. व्यापारी तेलासाठी नेतात. घरी करायचं तर बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर येणारं तेल काढून घट्ट झालं की मुठीत वळायचं. पायाच्या भेगांना या मुठेलासारखं दुसरं काही नाही.

कागदपत्रं यंदाच सुरू कर. पडवीत चालणार नाही. फरशी असलेली, खिडक्यांना जाळी लावलेली वेगळी खोली आणि विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल हवा. उलाढाल लहान असेल तोवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी पुरते, वाढली की राज्याचा परवाना. त्याचा १४ अंकी क्रमांक लेबलवर येतो. बरोबर घटक, निव्वळ वजन किंवा माप, किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, शाकाहाराची हिरवी खूण आणि पत्ता. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, दलालाला पैसे देऊ नकोस. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० पासून आली, तिच्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं. आता अर्ज घेतात का ते कृषी अधीक्षक कार्यालयात विचारू. पण हे अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, बँकेत तीन वर्षं अडकून राहतं. ते हाती येईल अशा भरवशावर यंत्र घ्यायचं नाही. पहिली दोन वर्षं सुरी, ड्रम आणि चाळणी पुरेत.

झाडं लावायचीच आहेत तर कलमंच लाव. रोपात साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला फुलं येईपर्यंत सात-आठ वर्षं जातात. कलम चार-पाच वर्षांत धरतं. दापोलीच्या विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती आहेत. अंतर दोन्हीकडून सहा मीटर, आणि मधूनमधून एखादं नर झाड ठेवावंच लागतं. आपल्या गावातच फळ संशोधन केंद्र आहे, तू आलीस की दोघी जाऊ.

एक काळजी मला राहून राहून वाटते. हंगामात इथेही चौदा तास उभं राहावं लागतं, हात आंबटानं सोलतात. ते पावसाबरोबर थांबतं, तुझ्या आताच्या कामासारखं बारा महिने पाठीवर बसत नाही. पण तू "नाही" म्हणायला शिकली नाहीस तर तेही बसेल. पर्यटनाच्या गावातली हॉटेलं मोठी ऑर्डर देतात आणि दोन-दोन महिने पैसे देत नाहीत, त्यांना पहिली तीन वर्षं माल द्यायचा नाही. जेवढी फळं स्वतःच्या नजरेखाली घेतलीस तेवढ्याच बाटल्या, संपल्या की पुढच्या वर्षी. बाहेरचा पाक आणून बाटल्या भरायच्या नाहीत, कितीही मागणी आली तरी. आणि रात्री आठनंतर ऑर्डरचा फोन उचलायचा नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून, नंतर लागत नाही.

यंदा मोहर चांगला आहे, मागच्या दोन झाडांवर फळं वाटाण्याएवढी झाली. रजेच्या तारखा महिनाअखेरीपर्यंत कळव, म्हणजे ६० किलो साखर आणि दोन ड्रम सांगून ठेवते. रिफ्रॅक्टोमीटर आणि लहान काटा तिकडूनच घेऊन ये, इथे मिळायला वेळ जातो. येताना जुने सुती कपडे आण, कोकमाचा डाग जात नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई